शेवटच्या थेंबापाशी

वसईजवळच्या जूचंद्रच्या चंडिका देवीच्या डोंगरावर मार्गशीर्षातल्या एखाद्या संध्याकाळी दिवेलागणीनंतरही थोडं थांबावं आणि पूर्वेकडे तोंड करून बसावं. खाली घरांचे दिवे, वसई-दिवा मार्गावरून धडधडत जाणारी एखादी मालगाडी, पलीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या गाड्यांची न तुटणारी रांग. त्या रांगेच्या मागे कामण आणि तुंगारेश्वरच्या डोंगरांची काळी कड. काही वेळानं त्या बाजूच्या आकाशात तीन तारे एकाखाली एक, जवळजवळ उभ्या रेषेत वर येतात. त्यांच्या भोवतीचे चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, आणि हे तीन म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण. हे मृग नक्षत्र. आणखी तास-दीड तासानं जरा उजवीकडून आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा उगवतो. तो व्याध.

ऐतरेय ब्राह्मणात या आकाशचित्राची कथा आहे. मृगाचं रूप घेतलेल्या प्रजापतीवर सुटलेला तीन कांडांचा बाण म्हणजे हे तीन तारे. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ लिहून वेदांचा काळ ठरवायचा प्रयत्न केला, तो याच नक्षत्राच्या आधारे. मला मात्र त्या चित्रातली एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा खुणावते. हे हरीण मेलेलं नाही. त्याला बाण लागला आहे, ते पळतं आहे, पारधी मागावर आहे, आणि दोघांमधलं अंतर काही केल्या कमी होत नाही.

भाषेतही हे नातं मुरलेलं आहे. संस्कृतातला ‘मार्ग’ हा शब्द ‘मृग’ या शब्दापासून आलेला. मार्ग म्हणजे मुळात जनावर जिथून गेलं ती वाट. ‘मृग्’ या धातूचा अर्थ शोधणं, मागावर जाणं. ‘मार्गण’ म्हणजे शोध आणि मार्गण म्हणजे बाणही. त्या मार्गाचा आपल्याकडे ‘माग’ झाला. आपण पोलिसांनी चोराचा माग काढला म्हणतो, हरवलेल्या पाकिटाचा माग लागला म्हणतो, तेव्हा नकळत हरणाच्याच पायवाटेनं चालत असतो.

जखमी हरणाचा माग कसा काढत, हे या प्रकरणात पाहायचं आहे. ही विद्या शिकारीतून आली आणि शिकार आता आपल्याकडे गुन्हा आहे. मुंबई राज्यात १९५१ साली वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा झाला, १९७२ साली देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. मारणं तर आलंच, पण फास लावणं, हाकारणं, पकडणं, जखमी करणं, आणि यातलं काही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. असं असताना ही विद्या का सांगायची? कारण हरणं अजूनही जखमी होतात, आणि त्यांच्या बाबतीत काय करायचं याचं उत्तर जुन्या पारध्यांच्या अनुभवात दडलेलं आहे, असं मला मनापासून वाटतं.

आधी हरणं कोणती ते पाहू. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. वसईच्या खाडीच्या दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मोठं जंगल आहे, सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं. या सगळ्या पट्ट्यातली खरी हरणं तीन: चितळ, सांबर आणि भेकर. चौसिंगा कुरंगांच्या कुळातला. पिसोरीला आपण हरीण म्हणतो, पण ससाएवढ्या या लाजऱ्या जनावराचं कुळ वेगळंच आहे. चिखलात उमटलेल्या खुरावरून तिन्ही हरणं सहज वेगळी काढता येतात. भेकराचा खूर जेमतेम तीन सेंटीमीटर लांब, चितळाचा साडेचार-पाच, सांबराचा सात-आठ. चालताना खुराच्या दोन फाका जुळलेल्या दिसतात. पळताना त्या फाकतात, माती मागे उडते, आणि जमीन मऊ असेल तर खुरामागच्या दोन छोट्या नख्यांचेही ठिपके उमटतात.

आता समजा, जुन्या काळातला एक पारधी आहे आणि कारवीच्या दाटीत त्यानं चितळाच्या नरावर गोळी झाडली आहे. नर उडाला, दिसेनासा झाला. नवखा माणूस अशा वेळी धावतो. जाणता पारधी जागचा हलत नाही. तो आधी आठवतो. जनावर उडी मारून पुढे झेपावलं, की पाठीला कुबड काढून, पोट आवळून गेलं? लंगडलं का? शेपूट वर होती की पायांत? शेवटचं कोणत्या झाडापाशी दिसलं, आणि काट्याकुट्यांचा आवाज कुठवर ऐकू आला? ही उजळणी झाल्यावरच तो जिथं जनावर उभं होतं त्या जागी जातो. आधी उभ्या जागेची खूण करतो, कारण कारवीत दहा पावलं चाललं की सगळ्या जागा सारख्याच दिसू लागतात.

त्या जागी रक्ताआधी केस सापडतात. गोळीनं तुटलेले केस जमिनीवर पडलेले असतात आणि ते बोलके असतात. पोटाखालचे पांढरे आणि मऊ, पाठीचे गडद आणि राठ. पांढरे केस दिसले की जाणत्याचा चेहरा पडतो. गोळी खाली लागली, पोटात लागली, आता हे काम लांबणार.

मग रक्त. फुप्फुसातलं रक्त गुलाबीसर, उजळ आणि फेसाळ असतं, कारण त्यात श्वासाची हवा मिसळलेली असते. असं हरीण शंभर-दीडशे मीटरच्या आत बहुधा पडलेलं सापडतं. यकृतातलं रक्त काळपट, जांभळट लाल. पोटात गोळी गेली असेल तर रक्त थोडं, पातळ, त्यात हिरवट चाऱ्याचे कण आणि आंबूस घाण वास. स्नायूला लागलं असेल तर सुरुवातीला भरपूर लाल रक्त आणि मग दोनशे-तीनशे पावलांवर ते हळूहळू आटतं. नवख्याला पहिलं भरपूर रक्त पाहून आशा वाटते, पण तो माग बहुतेकदा हरवतो. जखम उथळ असते, ती मिटते आणि हरीण जगतं. तीन पायांवर वर्षानुवर्षं जगलेली हरणं जंगलांत पाहिली गेली आहेत.

चितळाचा पुरता वाढलेला नर ८० किलोच्या आसपास भरतो. सस्तन प्राण्याच्या अंगातलं रक्त वजनाच्या सात-आठ टक्के धरलं, तर त्याच्या अंगात साडेपाच-सहा लिटर रक्त असतं. त्यातलं सुमारे एक तृतीयांश झपाट्यानं गेलं की जनावर कोसळतं. म्हणजे दोन लिटर. त्यातलंही बरंच छातीत किंवा पोटातच साठतं, बाहेर येत नाही. म्हणून जमिनीवर दोन-चार थेंब पडले याचा अर्थ जखम किरकोळ, असा होत नाही.

थेंबही वाचावा लागतो. उभ्या हरणाच्या अंगातून पडलेला थेंब गोल उमटतो. चालत्या हरणाचा थेंब एका बाजूला ओढला जातो आणि त्याच्या कडेला बारीक टोकं फुटतात. ती टोकं जिकडे, तिकडे हरीण गेलं. थेंब जमिनीवर नसून गवताच्या पात्यावर, कारवीच्या पानावर गुडघ्याच्या उंचीला घासलेला असेल, तर जखमेची उंची कळते. वाटेच्या दोन्ही अंगांना असेल, तर गोळी आरपार गेली. रक्त सुकतं ते कडेकडून. मध्यभाग ओला असेल तर हरीण नुकतंच गेलेलं. उन्हाळ्यात कातळावर पडलेला थेंब पाहता पाहता वाळतो, दाट सावलीतला पानावरचा थेंब बराच वेळ ओला राहतो. त्यामुळे घड्याळ प्रत्येक जागेचं वेगळं.

फसवणूकही भरपूर. ऐनाच्या सुक्या पानावरचे तांबूस डाग, किडीनं पडलेले लाल ठिपके, पायवाटेवरची पानाची पिंक. यासाठी साधी परीक्षा होती. बोट थुंकीनं ओलं करून डाग चोळायचा. रक्त असेल तर बोटाला लाली येते, पानाचा डाग पानावरच राहतो. आता पाश्चात्त्य देशांतले शिकारी हायड्रोजन पेरॉक्साइडची फवारणी करतात. रक्तातल्या एका विकरामुळे त्याचा फेस येतो आणि डोळ्यांना न दिसणारा डागही उठून दिसतो. जंगलात मात्र मुंग्या आणि हिरव्या चमकदार माश्या हे काम फुकट करतात. पानावर मुंग्यांचा पुंजका दिसला तर तिथं वाकून बघावं.

माग नेहमी कडेनं चालत काढायचा, मागावर पाय ठेवायचा नाही. एकदा तुडवलेला ठसा परत वाचता येत नाही. आणि माग आपल्या आणि सूर्याच्या मध्ये राहील असं उभं राहायचं. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खुराच्या खळगीत सावली भरते आणि ठसा वर उचलून आल्यासारखा दिसतो. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात तोच ठसा पुसल्यासारखा होतो. दोघं असतील तर एकानं शेवटच्या सापडलेल्या थेंबापाशी उभं राहायचं आणि दुसऱ्यानं पुढचा थेंब शोधायचा. तो सापडल्यावरच पहिल्यानं जागा सोडायची. थेंब सापडेनासा झाला तर शेवटच्या थेंबाभोवती फेर धरायचा, आधी लहान, मग मोठा. हा नियम ऐकायला सोपा, पाळायला फार अवघड. पुढे कुठंतरी असेलच, या ओढीनं माणूस शेवटचा थेंब सोडून धावतो आणि मग ना पुढचा सापडतो, ना मागचा.

ही शिस्त आपल्या गावगाड्यात जनावरांपुरती नव्हती. देशावर रामोशी आणि खानदेशात भिल्ल चोरांचा माग काढत. माग ज्या गावाच्या शिवेत शिरे, तिथल्या जागल्यानं तो पुढे न्यायचा, नाहीतर चोरीची भरपाई त्या गावावर येई. गुजरातेत आणि कच्छमध्ये या कामाला पागी हा वेगळा शब्दच होता. पाऊलखूण म्हणजे साक्षीदार आणि ती वाचणारा म्हणजे जबाबदार माणूस, अशी ही व्यवस्था होती.

दक्षिण आफ्रिकेतल्या लुई लिबेनबर्ग यांनी १९९० साली मागाच्या विद्येवर एक पुस्तक लिहिलं आणि विज्ञानाचा उगमच या विद्येत आहे, असं मत मांडलं. कलाहारीच्या वाळवंटातले सान लोक एका भुंग्याच्या अळीतलं विष बाणाच्या दांडीला लावतात. ते विष सावकाश भिनतं, कित्येक तास लागतात, मोठ्या जनावराला एक-दोन दिवसही. म्हणजे बाण लागणं ही शिकारीची सुरुवात, खरं काम पुढे. कळपातल्या शेकडो ठशांमधून त्या एकाच जनावराचे ठसे ओळखायचे, ते सुटले तर जनावर कुठं गेलं असेल याचा तर्क करायचा, आणि तो तर्क जमिनीवर पडताळून पाहायचा. तर्क चुकला तर टाकून द्यायचा. लिबेनबर्ग म्हणतात तो मुद्दा इथं आहे: अंदाज बांधून पुरावा शोधणं आणि पुरावा नसेल तर अंदाज सोडणं. मला हे पटतं. शाळेत विज्ञानाची पद्धत फळ्यावर पाच पायऱ्यांत शिकवतात, त्यापेक्षा ओल्या चिखलातल्या खुरांवर ती लवकर कळेल.

जर्मनीत यासाठी खास कुत्री तयार झाली. हानोवरची आणि बव्हेरियाच्या डोंगराळ भागातली. त्यांचं काम एकच, जखमी जनावराच्या मागावर लांब पट्ट्याला बांधलेलं राहून सावकाश चालणं. तिथल्या शिकाऱ्यांच्या बोलीत जनावराच्या रक्ताला रक्त म्हणत नाहीत, घामाचाच शब्द वापरतात. असं शिकवलेलं कुत्रं उपलब्ध असल्याशिवाय शिकार करू नये, असे नियम तिथल्या राज्यांच्या कायद्यांत आहेत. ते कुत्रं नुसत्या रक्तावर जात नाही. हरणाच्या खुरांच्या बेचक्यात गंधग्रंथी असतात. प्रत्येक पावलागणिक त्या हरणाचा वास जमिनीला लागतो, आणि त्यात तुडवलेल्या गवताचा, उकरलेल्या मातीचा वास मिसळतो. माणसाला जिथं शेवटचा थेंब दिसतो, तिथून कुत्र्याचा माग सुरू होतो.

आपल्याकडची शिकार बहुतेक हाकाऱ्याची. डबे वाजवत, आरोळ्या ठोकत माणसं जंगल झोडपत येणार, आणि समोर आडोशाला किंवा मचाणावर बंदूकवाले बसणार. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मृगयेचे कितीतरी प्रकार सांगितले आहेत. राजांची मृगया तशी, आणि गावकऱ्यांची तिरकमठ्याची, वाघरीची, पुढे ठासणीच्या बंदुकीची. हाकाऱ्यात जनावर पळतं येतं आणि पळत्या जनावरावर सुटलेली गोळी नेमकी बसणं कठीण. ठासणीची बंदूक एकदा उडाली की पुन्हा भरायला वेळ लागतो. शिकारीच्या जुन्या आठवणींत किती मारली याचे आकडे असतात, शिंगांच्या लांबीची नोंद असते. जखमी होऊन कारवीत शिरलेली आणि हाती न लागलेली किती, याचा आकडा मला कुठल्याही भिंतीवरच्या शिंगांखाली लिहिलेला दिसला नाही. त्या शिकारकथांवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. चांगल्या शिकाऱ्यांत मात्र एक दंडक होता: ज्यानं जखमी केलं, त्यानं माग काढायचा. रात्र होवो, काटे लागोत, तो माग दुसऱ्यावर टाकायचा नाही.

आणि त्या मागाचा पहिला नियम थांबणं हा होता.

फुप्फुसाची खूण दिसली तर अर्धा तास. यकृताची दिसली तर तीन-चार तास. पोटाची असेल तर सहा-आठ तास, म्हणजे बहुतेक वेळा दुसरी सकाळ. कुणी मागे लागत नाही असं वाटलं की जखमी हरीण दोन-चारशे मीटरवरच एखाद्या जाळीत बसतं. त्याचं अंग आखडतं आणि ते तिथंच संपतं. पण माणसाची चाहूल लागली की तेच हरीण उठतं. अंगात भीतीची रसायनं उसळतात, वेदना मागे पडते, आणि जे हरीण दोनशे मीटरवर बसणार होतं ते तीन किलोमीटर जातं. त्या बसलेल्या जागेवर, दाबलेल्या गवतावर रक्ताचं थारोळं सापडतं. पुढे काही नाही. थांबण्यासारखी अवघड गोष्ट दुसरी नाही, विशेषतः आपल्या कोकणपट्टीत. रात्री बिबळ्या येतो, उकाड्यात मांस टिकत नाही, आणि मृग लागला की एका सरीत सगळा माग धुऊन जातो. आकाशातलं जखमी हरीण ज्या नक्षत्राला नाव देतं, तेच जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आणतं आणि जमिनीवरच्या जखमी हरणाच्या खुणा पुसतं.

पाठलागात हरणाच्या शरीरात काय होतं, ते पशुवैद्यकानं पुढे नीट उलगडलं. जीव तोडून पळताना स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, त्यांत आम्ल साठतं, अंगाचं तापमान चढतं. एका मर्यादेनंतर स्नायूंचे तंतू फुटू लागतात. त्यांतला लाल रंगाचा घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबवतो. लघवी काळ्या चहासारखी होते, मान वाकडी पडते, पाय ताठतात. कधी काही मिनिटांत, कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्यानं हरीण मरतं. अंगावर जखम नसली तरी. पकडणं, बांधणं, उचलणं, गर्दीत ठेवणं यानंही हेच होतं. हरणांचं कुळ या बाबतीत फार नाजूक आहे. ओढ्यातून वर काढलेलं, कुत्र्यांच्या तावडीतून सोडवलेलं, सगळ्यांनी मिळून वाचवलेलं हरीण दुसऱ्या दिवशी अचानक मेलं असं ऐकू येतं, तेव्हा पुष्कळदा कारण हे असतं. ते भीतीनं मेलं असं लोक म्हणतात आणि ते शब्दशः खरं आहे.

पारध्याचा थांबण्याचा नियम इथं वेगळ्या अर्थानं उभा राहतो. तो थांबत होता हरीण हाती लागावं म्हणून. आपण थांबायचं ते हरीण जगावं म्हणून. दोन्हींमागचं शरीरशास्त्र एकच आहे.

जूचंद्रसारख्या गावाच्या भोवती हा प्रश्न पुस्तकी नाही. एका बाजूला महानगरपालिकेची वाढती वस्ती, दुसऱ्या बाजूला अभयारण्याचा डोंगर आणि मधून महामार्ग. चिंचोटीपासून कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता तर डोंगरांच्या कुशीतूनच जातो. अशा ठिकाणी जखमी हरणाला लागलेली गोष्ट क्वचितच गोळी असते. ती गाडी असते, भटक्या कुत्र्यांची टोळी असते, कठडा नसलेली विहीर असते, किंवा गाडीच्या ब्रेकच्या तारेचा फास.

असं हरीण दिसलं तर काय करायचं? पहिलं म्हणजे आपण लांब राहायचं आणि बाकीच्यांनाही लांब ठेवायचं. कुत्री हाकलायची, पण आरडाओरडा न करता. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, त्यावर जागा नीट सांगायची: कुठला पाडा, कुठला पूल, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, जनावर बसलं आहे की उभं. पाणी पाजायचं नाही. घाबरलेल्या, मान टाकलेल्या जनावराच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. पाय बांधायचे नाहीत, रिक्षात घालून घरी आणायचं नाही. हरीण हे रवंथ करणारं जनावर. ते कुशीवर फार वेळ आडवं पडून राहिलं तर पोटात वायू साठतो, चारा घशात येतो. वनविभागाची माणसं त्याला छातीवर, पाय पोटाखाली घेऊन, मान वर राहील असं बसवतात आणि डोळ्यांवर कापड टाकतात. डोळ्यांपुढे अंधार झाला की त्याच्या काळजाची धडधड उतरते. ते बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानातल्या पशुवैद्यकांचं काम आहे, आपण त्यांच्या येण्यापर्यंत सावली आणि शांतता राखली तरी पुष्कळ.

पाडस एकटं दिसलं म्हणजे ते पोरकं नसतं. चितळाची मादी पिल्लाला गवतात दडवून चरायला जाते आणि परत येते. त्याला उचलून आणणं हाच त्याच्यावरचा आघात.

कालिदासाच्या शाकुंतलातले हरणांचे दोन प्रसंग मला इथं आठवतात. सुरुवातीला दुष्यंत बाण ताणून रथातून हरणामागे लागला आहे आणि तपस्वी मध्ये हात आडवा घालून सांगतात की हे आश्रमाचं हरीण आहे. चौथ्या अंकात, शकुंतला सासरी निघते तेव्हा तिचा पदर धरून ओढणारं एक हरीण आहे. दर्भाच्या टोकानं त्याच्या तोंडाला जखम झाली होती आणि तिनं ती इंगुदीचं, म्हणजे हिंगणबेटाचं, तेल लावून भरून आणली होती. बाणाच्या जखमेपेक्षा ही जखम लहान. पण हरणाची शुश्रूषा करणारा हात आपल्या साहित्यात इतक्या जुन्या काळापासून आहे. तुंगारेश्वरला महाशिवरात्रीला माणसांची रीघ लागते तेव्हा घरोघर जी कथा वाचली जाते, श्रीधरांच्या १७१८ सालच्या ‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायातली, तिच्यातही बेलाच्या झाडावर रात्रभर बसलेला व्याध आहे. हरणं एकेक करून येतात, घरच्यांना भेटून परत येतो म्हणतात, आणि तो वाट पाहत थांबतो. त्या थांबण्यातच त्याचं मन पालटतं.

हरीण मेलेलं सापडलं तर तो सरकारी ठेवा. वन्यजीव कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार मेलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी राज्य सरकारच्या मालकीचा होतो, आणि तो कुणाच्या ताब्यात आला असेल तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याला कळवावं लागतं. मांस वाटून घेणं, शिंगं घरी नेणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं.

पण ज्याला माग वाचता येतो त्याचं काम हरीण गाडीत चढवल्यावर संपत नाही. तिथून तो उलटा फिरतो. पारधी थेंबाची टोकं जिकडे आहेत तिकडे जायचा, वनरक्षक त्यांच्या उलट जातो. बसलेल्या जागेपासून मागे, दाबलेल्या गवतावरून, करवंदीच्या जाळीत अडकलेल्या केसांवरून, फाकलेल्या खुरांवरून, जिथं ठसे अचानक गोंधळतात तिथपर्यंत. त्या जागी माती गोल उकरलेली असते, एका झुडपाची साल सोलली गेलेली असते, आणि बुंध्याला तारेचा तुटका वेढा असतो. हरणानं सगळी ताकद लावून तो तोडलेला असतो आणि उरलेलं टोक पायात घेऊन ते गेलेलं असतं. ही तार बहुतेकदा डुकरासाठी किंवा सशासाठी लावलेली असते, पण फास जनावर निवडत नाही. तिच्यात बिबळ्याही सापडतो.

वेढा सोडवून घेतला, जागेचा फोटो काढला, पंचनामा झाला, तरी माग काढणारा तिथून लगेच निघत नाही. फास एकटा क्वचितच असतो. काट्यांची वई घालून जनावराला जिथं फट ठेवलेली असते, अशा प्रत्येक फटीत एकेक तार असते. म्हणून तो त्या झुडपापाशी एकाला उभं करतो आणि स्वतः फेर धरतो, आधी लहान, मग मोठा, गुडघ्याच्या उंचीवर नजर ठेवून, तिरप्या उन्हात कुठं तार चमकते का ते बघत.